डिस्को कोणाचा?

डिस्को म्हटले की माझ्या पिढीला आठवतो तो १९८२ सालचा ‘डिस्को डान्सर’, आणि स्नेहसंमेलनात मिथुनची नक्कल करणारे वर्गमित्र. मला मात्र वसतिगृहातली खोली आठवते. रेक्टरबाई झोपल्या की आम्ही मुली दाराला कडी लावून टेपरेकॉर्डरवर नाझिया हसनचे गाणे लावत असू. आमच्यातल्या दोघी नेहमी एकमेकींबरोबरच नाचत. पुढे कुजबुज सुरू झाली आणि त्यांच्या खोल्या बदलण्यात आल्या. कारण कोणी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. मीही नाही.

डिस्को मुळात अशाच बंद दारांआड वाढला, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. न्यूयॉर्कमध्ये समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांच्या धाडी नित्याच्या होत्या. २८ जून १९६९ रोजी ‘स्टोनवॉल इन’मध्ये लोकांनी अशा एका धाडीला प्रतिकार केला. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, १४ फेब्रुवारी १९७० रोजी, डेव्हिड मॅन्क्यूसो याने ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत नाचाची रात्र भरवली. पुढे ही जागा ‘द लॉफ्ट’ म्हणून प्रसिद्ध झाली. प्रवेश निमंत्रणाने, दारूची विक्री नाही. कृष्णवर्णीय, गोरे, लॅटिन अमेरिकन, समलिंगी आणि इतरही, सारे एकाच फरशीवर नाचत.

या फरशीनेच संगीत घडवले. नाचणाऱ्यांना थांबायचे नव्हते. म्हणून दोन टर्नटेबले ठेवायची आणि एक तबकडी संपत आली की दुसरीचा वेग जुळवून ती पहिलीत मिसळायची. ठोके मिनिटाला साधारण १२०, आणि प्रत्येक ठोक्यावर मोठ्या ड्रमची थाप. आपल्या त्रितालातली ‘खाली’ इथे नाहीच! तीन-चार मिनिटांच्या लहान तबकड्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा १२ इंची सिंगल निघाली. १९७६ पासून ती दुकानांतही मिळू लागली.

पण इथेही स्त्रियांना जागा सहजी मिळाली नाही. पुरुषांच्या काही क्लबांच्या दारात स्त्रियांकडे आणि कृष्णवर्णीयांकडे दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रे मागत. ज्यांना जग आत घेत नाही, तेही दार मिळाले की कोणाला तरी बाहेर ठेवतात, हे मला फार बोचले. स्त्रियांनी मग स्वतःच्या जागा काढल्या. सॅन फ्रान्सिस्कोत रिकी स्ट्रायकर हिने १९६६ साली ‘मॉड्स’ हा समलिंगी स्त्रियांचा बार उघडला. तेव्हा कॅलिफोर्नियात बारमागे उभे राहून मद्य देण्यासाठी स्त्रीला नोकरीवर ठेवण्यास कायद्याने बंदी होती. ती १९७१ मध्ये उठली. तोवर मालकिणीने एकतर स्वतः पेले भरायचे, नाहीतर पुरुष नोकर ठेवायचे. १९७८ मध्ये तिने ‘अमेलियाज’ काढले. तिथे नाचायला खास जागा होती. मंगळागौरीच्या जागरणात पुरुषांची नजर नसताना बायका कशा मोकळ्या होतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या जागेची गरज थोडीफार समजेल. थोडीफारच, कारण मंगळागौरीहून घरी परतताना कोणाला काही लपवावे लागत नाही.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. निमित्त विनोदाचे होते, पण तो राग नुसता ठेक्यावरचा होता असे मला वाटत नाही. त्याच शिकागोत ‘वेअरहाउस’ या क्लबात फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत होता. ‘हाउस’ संगीताचे नाव तिथूनच आले असे मानतात.

‘अमेलियाज’ १९९१ साली बंद झाले. रोजचा बार चालवणे परवडत नाही, म्हणून आता अनेक ठिकाणी एखाद्या रात्रीपुरताच क्लब भाड्याने घेतात. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपल्या मोठ्या शहरांतूनही अशा रात्री उघडपणे होतात. पुष्कळ ठिकाणी दारातच सांगतात : विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही आणि फोटो काढायचा नाही. फोटो का नाही, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.