माळ्यावरचा संसार अंगणात

जुनं विकणं आपल्याला नवं नाही. दारात बोहारीण आली की दोन साड्या आणि यजमानांची एक पँट देऊन स्टीलचं पातेलं पदरात पाडून घेताना आपण जी घासाघीस करतो, ती भल्या व्यापाऱ्यालाही जमायची नाही. पण हेच काम साऱ्या आळीने मिळून, एक दिवस ठरवून केलं तर?

अमेरिकेत असा बाजार किती मोठा भरतो ते ऐकून तुम्ही तोंडात बोट घालाल. १९८७ साली टेनेसी राज्यातल्या फेंट्रेस परगण्याचे प्रमुख माईक वॉकर यांनी ही कल्पना काढली. मोठे महामार्ग झाले आणि प्रवासी लहान गावांकडे न फिरकता परस्पर निघून जाऊ लागले. त्यांनी पुन्हा जुन्या १२७ क्रमांकाच्या रस्त्याने यावं, म्हणून रस्त्याकाठच्या घरांनी जुनंपुराणं सामान दारात मांडायचं ठरलं. आज मिशिगनपासून अलाबामापर्यंत सहा राज्यांतून ६९० मैल, म्हणजे सुमारे १,११० किलोमीटर, हा बाजार पसरतो. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो.

यातली खुबी अगदी साधी आहे. ना मोठा हॉल, ना भांडवल. ज्याचा माल त्याच्या दारात, आणि गिऱ्हाईक एका दारातून दुसऱ्या दारात. एका घरासमोर कुणी थांबेल न थांबेल, पण वीस घरं मांडून बसली की पाय आपोआप वळतात.

तयारी कशी कराल?

दिवाळीच्या आवराआवरीत माळे रिकामे होतातच, तेव्हा त्याच सुमाराचा एखादा कोरडा रविवार धरा. आठ-दहा घरं तयार झाली तरी पुरे. शक्यतो ओटा, अंगण, सोसायटीचं आवार एवढंच वापरा. रस्त्यावर टेबल आणायचं असेल तर नगरपालिकेची आणि पोलिसांची परवानगी आधी लेखी घ्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक दाराला एकाच रंगाचं फडकं बांधा आणि क्रमांक लावा. कुठल्या दारात काय आहे, याचा हाताने काढलेला नकाशा आळीच्या तोंडाशी लावा. भांडी एका दारी, पुस्तकं दुसऱ्या, खेळणी तिसऱ्या, असं वाटून घेतलंत तर शेजारणी-शेजारणींत चढाओढही होत नाही.

प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी हवीच. सुटे पैसे आदल्या दिवशीच आणून ठेवा. बिघडलेला मिक्सर ‘बिघडलेला’ असंच सांगून विका. उद्या तोंड त्याच आळीत दाखवायचं आहे! कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं असेल तर कल्हई केल्याशिवाय त्यात आंबट काही शिजवू नका, हेही घेणारीला सांगा.

मोड की मोल?

स्टील आलं तेव्हा घरोघरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. मोडीत वजन बघतात, घडण नाही. नक्षीचा पानाचा डबा, अडकित्ता, समई, पाण्याचा बंब या वस्तूंना वजनापलीकडे किंमत असते. पुण्याचे दिनकर केळकर यांनी अशाच घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी असा तो संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र सरकारला दिला. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने उभं राहिलेलं ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ एकदा पाहून या, मग आपल्या माळ्याकडे वेगळ्या नजरेने बघाल. जुनी वस्तू घासून लखलखीत करण्याचा मोह मात्र टाळा. कोमट पाण्याने धुऊन, पुसून ठेवा. जुनेपणाची झाक गेली की जाणकाराच्या लेखी किंमत उतरते.

एक खबरदारी. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, नाणी यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. महत्त्वाच्या हस्तलिखित पोथ्यांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. देवघरातली जुनी मूर्ती किंवा पोथी टेबलावर मांडूच नका.

विकण्याआधी विचारा

आणि सर्वांत महत्त्वाचं. हंडा उलटा करून त्यावर घातलेलं नाव वाचा. सासूबाईंचं असेल तर ते भांडं तुमचंही नाही नि तुमच्या यजमानांचंही नाही. माहेराहून आलेली भांडी हे स्त्रीधन आहे आणि त्यावर कायद्यानेही तिचाच हक्क. कितीतरी घरांत ‘आईला काय कळतंय’ म्हणत तिच्या लग्नातली घागर परस्पर मोडीत निघाली. तिला विचारणं राहूनच गेलं.

म्हणून मांडणीच्या आदल्या दिवशी त्यांना जवळ बसवा, एकेक वस्तू पुढे ठेवा. ‘असू दे गं’ म्हणाल्या तर ती वस्तू परत माळ्यावर जाईल. ‘जाऊ दे’ म्हणाल्या तर किंमतही त्यांनाच सांगू द्या, आणि आलेले पैसे मोजून त्यांच्याच हातात ठेवा. त्या पैशांचं काय करायचं, ते त्या ठरवतील.