पट्टी सोडा, टेप घ्या!

'दिव्यांग जागृती' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ३ डिसेंबर, एक भाषण आणि डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा खेळ. बरोबर ना?

मीही तो खेळ खेळले आहे. ओढणी बांधून कॉरिडॉरमध्ये चालले, दोनदा भिंतीवर आपटले. रात्री मेसमध्ये सगळ्यांना रंगवून सांगत होते. आमच्या एका ज्युनिअरला फार कमी दिसतं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, अर्ध्या तासात तू फक्त धडपडायला शिकलीस. मला नीट चालायला शिकायला काही वर्षं लागली." माझा घास हातातच राहिला.

मग मी याबद्दल वाचलं. एरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी पट्टीच्या प्रयोगाचा अभ्यास केला. पट्टी बांधलेल्यांना अंध माणसं नोकरी करायला आणि स्वतंत्र राहायला कमी सक्षम वाटू लागली! म्हणजे जागृती करायला गेलो आणि गैरसमज वाढवून आलो. कारण सोपं आहे. पट्टी बांधल्यावर आपल्याला कळतो तो फक्त पहिल्या अर्ध्या तासाचा गोंधळ. पांढरी काठी, कानांची सवय, रस्त्यांची आठवण ही सरावाने येणारी कौशल्यं त्यात कुठेच नसतात. शिवाय २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. डिस्लेक्सिया किंवा थॅलेसेमियाला पट्टी कुठे बांधणार?

मग ट्रेनिंग कसं हवं?

पहिलं म्हणजे, शिकवणारी व्यक्ती स्वतः दिव्यांग असावी. तीही रडकथा सांगायला नाही, तर ट्रेनर म्हणून, आणि योग्य मानधन देऊन.

दुसरं, कीव नको, कृती शिकवा. अंध व्यक्तीला हात धरून ओढायचं नसतं. आधी विचारायचं, मग तिला आपला कोपराजवळचा हात धरू द्यायचा आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. न विचारता कुणाची व्हीलचेअर ढकलायची नाही. ओठ वाचणाऱ्याशी बोलताना तोंड त्याच्याकडे आणि उजेडात ठेवायचं. हे सगळं जोडीने करून बघितलं तर एका तासात जमतं.

तिसरं, आपण इंजिनिअर आहोत, तर मोजमाप करू या! रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे ६ इंचांच्या पायरीला किमान ६ फूट लांब रॅम्प लागतो. टेप घेऊन होस्टेलचा रॅम्प मोजा. त्यावर बाईक लावलेल्या असतील तर तेही लिहा. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते टाकून, स्क्रीन बंद करून आपल्या नोट्स ऐका. फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, नुसतं चित्र असतं. त्यामुळे ते गप्प बसतं. पट्टीच्या खेळात कमी पडते ती व्यक्ती. इथे कमी पडते आपली पीडीएफ, आणि ती आपण आजच दुरुस्त करू शकतो.

त्या रात्रीनंतर मी माझ्या नोट्स टाईप करायला लागले. ज्युनिअरने पहिली फाईल ऐकली आणि लगेच स्पेलिंगच्या चार चुका काढल्या!

तेव्हा सर, मॅडम आणि मित्रांनो, येत्या ३ डिसेंबरला पट्ट्या कपाटातच राहू द्यात. टेप मी आणते. रॅम्पवरच्या बाईक तेवढ्या तुम्ही काढा.