अंडी काढणारेच झाले राखणदार

किनारा वाचवायचा तर माणसांना तिथून लांब ठेवा, हा समज शहरात फार पक्का आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये घडलं ते नेमकं उलट. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनं २००२ साली तिथं ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं काम हाती घेतलं, तेव्हा कासवाची अंडी काढणं किनाऱ्यावर नवं नव्हतं. पण वाळूतला माग बघून कुठं उकरायचं, हे ज्यांना कळत होतं तेही हेच अंडी काढणारे लोक. संस्थेनं त्यांची ही नजर कामाला लावली, आणि अंडी शोधणारे हात घरटी राखू लागले.

अंडी कुंपणात नेऊन पुरली की काम संपलं, असंही अनेकांना वाटतं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती काही तासांत, उलटीपालटी न करता हलवायची आणि मूळ घरट्याएवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. पिल्लू नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त. पुढचे पन्नासेक दिवस कुत्री-कोल्ह्यांपासून राखण. रोज पहाटे पुळण धुंडाळणं तालुक्याच्या कचेरीतून होत नाही. ते घरटी राखणारा गावातला माणूस, म्हणजे कासवमित्रच करू जाणे.

पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक येऊ लागले आणि घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली. गावाला चार पैसे मिळाले, हे चांगलंच. मात्र पिल्लं उजेडाच्या रोखानं धावतात, त्यामुळे किनाऱ्यावरचे दिवे आणि मोबाइलचे झोत त्यांची वाट चुकवतात. पर्यटन म्हणजे आपोआप संवर्धन, हाही गैरसमजच.

मच्छीमार कासवाचे वैरी, हा आरोप तर सर्रास होतो. कासव श्वास घ्यायला वर येतं. जाळ्यात अडकलं तर गुदमरतं. त्याला सोडवायला जाळं कापावं लागतं आणि तो भुर्दंड एकट्या मच्छीमारावर पडतो. म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित जीव सोडल्याचा छायाचित्रासह पुरावा दिला, तर फाटलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. नुसत्या प्रबोधनाच्या भाषणांपेक्षा ही तरतूद जास्त शहाणपणाची.

कांदळवन म्हणजे डास पोसणारा चिखल, असं म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याची मांडवी खाडी बघावी. बचत गटातल्या बायका तिथं स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात आणि त्यावर कमावतात.

आता शेवटचा समज: गावानं मनावर घेतलं की सरकार मोकळं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली कासवाची एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. मधलं अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. एवढ्या वाटेवरचे ट्रॉलर आणि बंदरं कुठल्याच गावच्या कासवमित्राच्या हातात नसतात.