पेडल नाही, पण क्लच आहे!

बोरघाटात वाहनांची रांग थांबली, की चढावरच्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांचे चालक ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागेवर धरतात. क्लचच नाही, मग जळणार काय, असा त्यामागचा समज. नसते ते फक्त क्लचचे पेडल.

भारतात २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. डाव्या पायाचे आणि हाताचे काम तिथे यंत्र करते. गाडी ॲक्सिलरेटरवर धरली, की क्लच प्लेट अर्धवट लागून घासत राहते आणि तापते. ड्युअल क्लचचेही तेच. टॉर्क कन्व्हर्टरचा प्रकार वेगळा. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. दुसरा पंखा अडून राहिला, की इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत न पोहोचता तेलातच उष्णता होऊन मुरते. म्हणून थांबायचे तर ब्रेकवर. खोळंबा लांबला तर हँडब्रेक आणि न्यूट्रल.

या तेलावर गिअरबॉक्सचा जीव असतो. तेच वंगण, तेच उष्णता वाहून नेणारे आणि त्याच्याच दाबावर आतले क्लच चालतात. नवे तेल बहुधा लालसर, पारदर्शक असते. ते काळपट झाले, जळका वास येऊ लागला, तर आतले काहीतरी झिजते आहे. पुराच्या पाण्यातून गाडी गेल्यावर तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. ‘आयुष्यभर तेल बदलायला नको’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर फार विसंबू नये. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत खडतर वापराचे वेळापत्रक असेल तर ते पाहावे. शहरातली कोंडी, उन्हाळा आणि घाट हा खडतरच वापर. तेलही त्यात लिहिलेलेच हवे. सीव्हीटीमध्ये दुसऱ्याच प्रकारचे तेल घातले, तर पट्टा पुलीवर घसरून दोन्ही खराब होतात.

‘डी’ टाकल्यावर गाडी उशिरा उचलणे, गिअर बदलताना झटका बसणे, खाली तेलाचे डाग दिसणे, ही तपासणीची वेळ. इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो, ही तक्रार मात्र सीव्हीटीवाल्यांनी लगेच मनाला लावून घेऊ नये. थोड्या प्रमाणात तो तिचा स्वभावच आहे. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, तर बहुधा संगणकाने गिअरबॉक्स वाचवण्यासाठी तसे केलेले असते. अशा वेळी गिअरबॉक्स उघडण्याआधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पाहायला सांगावे. एएमटीत कधीकधी दुखणे नुसत्या कमजोर बॅटरीचे निघते, आणि मोठा खर्च वाचतो.

गाडी बंद पडलीच, तर दोरी बांधून ओढत नेण्याचा मोह टाळावा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती राहिली, तर आतले भाग वंगणाशिवाय फिरतात. गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रकच मागवावा.