बंदरावरच्या ट्रकचा हप्ता कोण भरतो?

ट्रकची उमेद सरली की तो बंदरावर येतो. नवा असताना त्याला लांब पल्ल्याची भाडी मिळतात. दोन-तीन मालक बदलून झाले, गाडी वाटेत बंद पडेल अशी धास्ती वाटू लागली, की मग जवळच्या खेपा. बंदरातून कंटेनर उचलायचा, वीस-तीस मैलांवरच्या गोदामात नाहीतर रेल्वेच्या यार्डात टाकायचा, पुन्हा गेटवर रांग लावायची. निम्मा दिवस रांगेतच जाणार असेल, तर नव्या गाडीत पैसे कोण घालणार?

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या एकमेकांना खेटून असलेल्या बंदरांवर २००८ पर्यंत हेच चालले होते. आशियातून येणाऱ्या मालाचा तो अमेरिकेतला सर्वांत मोठा दरवाजा. सोळा हजारांच्या आसपास ट्रक तिथे राबत होते आणि त्यांतले काही तर ऐंशीच्या दशकातले होते. विल्मिंग्टन, पश्चिम लाँग बीच या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांजवळून त्यांची रीघ लागलेली असे. डिझेलच्या धुरातल्या सूक्ष्म कणांना कॅलिफोर्नियाने १९९८ मध्येच विषारी प्रदूषक ठरवले होते, पण खिडकीखालचा धूर काही थांबला नव्हता.

या धुराचे मूळ इंजिनात कमी आणि व्यवहारात जास्त होते. १९८० च्या कायद्याने ट्रकवाहतुकीवरची सरकारी बंधने सैल झाली, छोट्या कंपन्यांचे पेव फुटले आणि भाडी उतरली. कंपन्यांनी स्वतःचे ट्रक बाळगणेच सोडले. चालक कागदोपत्री ‘स्वतंत्र व्यावसायिक’ झाला. यातले बहुतेक लॅटिन अमेरिकेतून आलेले स्थलांतरित. खेप कंपनी देणार, दर कंपनी ठरवणार. डिझेल, टायर, विमा आणि दुरुस्ती मात्र चालकाची. पैसे खेपेवर, त्यामुळे रांगेतले तास फुकट. अशा माणसाने ब्रेकचे काम पुढच्या महिन्यावर ढकलले, तर त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. त्यात कंटेनर ज्या चाकांच्या सांगाड्यावर ठेवतात, तो तेव्हा बहुधा जहाज कंपनीचा असे. दिवा गेलेला, टायर घासलेला सांगाडा गळ्यात पडायचा आणि रस्त्यावर पोलिसांनी पकडले की दंड चालकाला. या सांगाड्यांची जबाबदारी ते पुरवणाऱ्यांवर टाकणारा केंद्रीय नियम यायला २००८ चा डिसेंबर उजाडला.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून दोन्ही बंदरांनी १९८९ पूर्वीच्या ट्रकना गेट बंद केले. मग टप्प्याटप्प्याने चाळणी बारीक होत गेली आणि १ जानेवारी २०१२ पासून २००७ च्या केंद्रीय मानकांत न बसणाऱ्या कोणत्याही ट्रकला प्रवेश उरला नाही. पळवाटाही निघाल्या. नव्या ट्रकने कंटेनर गेटबाहेर काढायचा आणि थोड्या अंतरावर जुन्याच्या गळ्यात घालायचा! तरीही बंदरांच्या हिशेबानुसार ट्रकच्या धुरातले कण ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. प्रदूषणाच्या लढाईत इतके घसघशीत यश क्वचितच मिळते, हे मान्य केलेच पाहिजे.

पण एक लाख डॉलरच्या घरातला नवा ट्रक घेणार कोण? लॉस एंजेलिसचे म्हणणे होते की ट्रक कंपनीचा असावा आणि चालक तिचा पगारी नोकर. लाँग बीचने तशी अट घातलीच नाही. ट्रक कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. २०११ मध्ये अपिली न्यायालयाने नोकरीची अट रद्द केली, तर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रकवरचा तक्रारीचा फोन नंबर आणि पार्किंगची योजना या अटीही एकमताने काढून टाकल्या.

मग अनेक कंपन्यांनी ट्रक घेतले आणि भाडे-खरेदीच्या कराराने चालकांच्याच माथी मारले. हप्ता कमाईतून परस्पर कापून घ्यायचा. ‘यूएसए टुडे’ने २०१७ मध्ये याचा पाठपुरावा केला, तेव्हा काही आठवडे हातात जवळजवळ काहीच न पडलेले चालक समोर आले. काम सोडले की ट्रकही गेला आणि भरलेले हप्तेही. हप्ते फिटावेत म्हणून माणसे कायद्याची मर्यादा ओलांडून तासन्‌तास स्टिअरिंगवर बसत होती. ट्रक नवा, ब्रेक नवे, पण चालवणाऱ्याचे डोळे मिटू लागलेले. याला सुरक्षित वाहतूक म्हणायचे का? न्हावा-शेवाच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलेल्या वाचकाने एखाद्या चालकाला खेपेचा आणि हप्त्याचा हिशेब जरूर विचारून पाहावा.

आता पाळी विजेवरच्या ट्रकची आहे. २०३५ पर्यंत बंदरावरचे सगळे ट्रक धूरमुक्त करण्याचे उद्दिष्ट दोन्ही बंदरांनी ठेवले आहे. एप्रिल २०२२ पासून भरलेल्या वीसफुटी कंटेनरमागे १० डॉलर आकारून नव्या गाड्यांसाठी निधीही जमतो. राज्याने त्यासाठी केलेला नियम मात्र केंद्राची मंजुरी मिळण्याची चिन्हे नसल्याने जानेवारी २०२५ मध्ये अडला. मंजुरीचा अर्जच राज्याने मागे घेतला. विजेचा ट्रक डिझेलच्या ट्रकपेक्षा दुपटीहून महाग आहे आणि खेपेवर पैसे मिळवणाऱ्या चालकाचे चार्जिंगसाठी उभे राहण्याचे तासही फुकटच जाणार आहेत.