पहिला पगार, चुकीचा टॅक्स कोड

इंग्लंडमध्ये पहिल्या नोकरीचा पगार झाला की आकड्याआधी पे-स्लिपवरचा टॅक्स कोड पाहावा. शिकता शिकता काम करणाऱ्या आपल्या मुलांनी तर नक्कीच. एकच नोकरी असेल तर तो बहुधा ‘१२५७एल’ असतो. म्हणजे वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त. ‘बीआर’ असेल, तर पहिल्या पौंडापासून २० टक्के कापले जातात. महिन्याच्या १,००० पौंडांतले २०० गेले, जिथे एक पेनीही जायला नको! बरेचदा कारण एवढंच, की नोकरी लागताना भरायच्या ‘स्टार्टर चेकलिस्ट’ या फॉर्मवर भलत्याच विधानापुढे टिक झालेली असते. मालकाशी हुज्जत घालून उपयोग नाही, कोड बदलतं ते एचएमआरसी हे करखातं. तिथल्या ऑनलाइन खात्यात नोकरीचा तपशील दुरुस्त करा. त्याच करवर्षात कोड सुधारला, तर जादा कापलेली रक्कम पगारातूनच परत मिळते. मागच्या ४ करवर्षांचा परतावाही मागता येतो.