दाबलेल्या फुलाचे प्रामाण्य : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

वहीच्या पानांत फूल दाबून ठेवण्याची हौस पुष्कळांनी बालपणी केलेली असते. अशा फुलाचा अभ्यासाला सहसा उपयोग होत नाही. याचे कारण त्याचे सुकणे नव्हे. ते कोठले, केव्हाचे व कोणत्या वनस्पतीचे, हे सांगणारी नोंद त्याच्यासोबत नसते, हे होय. ही उणीव दूर केल्यास घरी दाबलेले फूलही शास्त्रीय पुरावा ठरू शकते. बीड जिल्ह्याच्या बाबतीत अशा पुराव्यास विशेष महत्त्व आहे.

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. शेजारचा अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा इलाख्यात असल्याने त्याच्या कक्षेत आला. बीड निजामाच्या राज्यात असल्याने बाहेर राहिला. बालाघाटाच्या डोंगरांना ही सीमा ठाऊक नव्हती. नोंदी मात्र तिच्यापाशी थांबल्या. पुढे व्ही. एन. नाईक यांच्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' (१९९८) या द्विखंडात्मक ग्रंथाने ही पोकळी पुष्कळ अंशी भरून काढली. तथापि कोणतेही नाव पडताळून पाहावयाचे झाल्यास अखेर मूळ नमुन्याकडेच वळावे लागते.

नमुना तयार करण्याची कृती सोपी आहे. दव ओसरल्यावर फूल, कळी, पाने व शक्य तेथे फळ यांसह फांदी घ्यावी. ती वर्तमानपत्राच्या घडीत पसरून, खालीवर टीपकागद घालून, दोन फळ्यांमध्ये दाबावी. वजनास पाटा पुरेसा होतो. २४ तासांनी फांदी मऊ पडते. त्या वेळी पाकळ्या व पाने नीट उलगडावीत आणि एखादे पान उलटे ठेवावे, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत. गालाला गार न लागणारा नमुना सुकला असे समजावे. उन्हाळ्यात हे काम लवकर होते. पावसाळ्यात बुरशीचे भय असते. म्हणून कागद इस्त्रीने कोरडे करून वापरावेत.

सुकण्यास विलंब झाला की पेशींतील द्रव्यांचे ऑक्सिडीभवन होऊन पाकळ्या तपकिरी पडतात. अँथोसायनिनमुळे आलेले निळे-जांभळे रंग प्रकाशात विटतात. म्हणून ताज्या फुलाचा रंग त्याच दिवशी लिहून ठेवणे अगत्याचे आहे. कळलावीच्या बाबतीत तर हे अनिवार्यच ठरते. तिच्या पाकळ्या प्रथम हिरवट-पिवळ्या असून पुढे तांबड्या होतात. दाबलेले फूल यांपैकी एकच अवस्था दाखविते. पळसाची अडचण निराळी आहे. तो फाल्गुनात फुलतो तेव्हा बहुधा निष्पर्ण असतो. त्यामुळे झाडावर खूण करून त्रिदली पाने व शेंगा मागाहून त्याच झाडावरून घ्याव्यात आणि दोन्ही नमुन्यांवर परस्परांचा उल्लेख करावा.

सुकलेला नमुना सुमारे ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर दोऱ्याने टाचावा. कीड लागू नये म्हणून पूर्वी पाऱ्याचे विषारी क्षार वापरीत. घरी ते सर्वथा वर्ज्य समजावेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून नमुना आठवडाभर गोठणकप्प्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर गारवा जाईपर्यंत पिशवी उघडू नये. अन्यथा त्यावर ओल धरते.

नामपत्रिकेवर गाव, तालुका, जमिनीचा प्रकार, दिनांक, वनस्पतीची उंची, स्थानिक नाव, संग्राहकाचे नाव व क्रमांक लिहावा. शास्त्रीय नाव मागाहून तज्ज्ञाकडून निश्चित करून घेता येते. स्थळ व दिनांक मात्र एकदा निसटले की पुन्हा मिळत नाहीत. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून काहीही तोडू नये. इतरत्रही एकुलते एक रोप आढळल्यास छायाचित्रावर समाधान मानावे.

माळरान नांगराखाली येते, ओढ्याकाठी वस्ती होते. तेथे पूर्वी काय उगवत होते, हा प्रश्न पुढे उपस्थित होतोच. स्थळ-दिनांकासह जपलेला एक कागदही त्याचे निर्णायक उत्तर देऊ शकतो.